उद्योगाचे बलाबल
(लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उद्योगाच्या नियोजनाची बैठक भरली की आज बहुधा फळ्यावर चार चौकोन काढले जातात. पहिल्यात बलस्थाने, दुसऱ्यात उणिवा, तिसऱ्यात संधी आणि चौथ्यात धोके. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'स्वॉट' असे नाव पडले. १९६० च्या दशकात अमेरिकेत ती आकाराला आली. तिच्या जनकत्वाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तथापि, हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयातील प्राध्यापकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकामुळे या विचाराला प्रतिष्ठा लाभली. उद्योगाची आतली कुवत आणि बाहेरची परिस्थिती यांचा मेळ घालणे म्हणजे धोरण, हा त्या विचाराचा गाभा. आज बँकेच्या कर्जप्रस्तावापासून महाविद्यालयीन प्रकल्पापर्यंत सर्वत्र हे चार चौकोन आढळतात.

इतक्या सर्वमान्य पद्धतीचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याचाही अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमधील कंपन्यांची पाहणी करून टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी १९९७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते विचार करायला लावणारे आहेत. कंपन्यांनी केलेल्या याद्या लांबलचक होत्या, शब्द मोघम होते, महत्त्वाचे कोणते आणि किरकोळ कोणते याचा क्रम नव्हता, लिहिलेल्या विधानांची कोणी पडताळणी केलेली नव्हती. आणि सर्वांत गंभीर बाब अशी की, नियोजनाच्या पुढच्या टप्प्यांत त्या याद्यांचा वापर झालेला आढळला नाही. चौकोन भरले गेले आणि कागद फायलीत गेला.

असे का व्हावे? पद्धतच टाकाऊ आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोष बहुतेक वेळा चौकोन भरण्याच्या रीतीत असतो. 'आमचे बल' आणि 'आमची उणीव' या वस्तू जणू कारखान्याच्या मालमत्तेच्या नोंदवहीत कायमच्या लिहिल्या आहेत, असे समजून ती यादी केली जाते. वास्तविक पाहता बल हे तसे नसतेच. ते कोठे आणि केव्हा वापरायचे आहे यावर त्याचे बलपण ठरते.

अर्थशास्त्रातील बलाबलविचार

हा मुद्दा आपल्याकडे फार प्राचीन काळी मांडला गेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील नवव्या अधिकरणाच्या आरंभी, मोहिमेवर निघू पाहणाऱ्या राजाने स्वतःचे आणि शत्रूचे बलाबल जाणून घ्यावे, असे सांगितले आहे. बलाबल म्हणजे केवळ सैन्याची गणती नव्हे. शक्ती, देश, काळ, पिछाडीला होऊ शकणारा उठाव, मनुष्यहानी, खर्च, लाभ आणि आपत्ती अशी तपासणीची संपूर्ण सूचीच तेथे दिली आहे. तेथे 'स्वतःचे' आणि 'शत्रूचे' हे दोन्ही शब्द एकत्र येतात, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. बल हे नेहमी कोणाच्या तरी तुलनेत मोजायचे असते.

त्याच प्रकरणात पूर्वाचार्यांची दोन मार्मिक उदाहरणे येतात. जमिनीवर असलेला कुत्रा मगरीला ओढून नेतो आणि पाण्यात असलेली मगर कुत्र्याला ओढून नेते. तसेच, दिवसा कावळा घुबडाला मारतो आणि रात्री घुबड कावळ्याला. मगरीचे दात तेच, जबडा तोच. बदलली ती फक्त जागा. कावळ्याची चोच तीच. बदलली ती वेळ. कोणी शक्तीला श्रेष्ठ मानतो, कोणी देशाला, कोणी काळाला. कौटिल्याचे स्वतःचे मत मात्र असे की, शक्ती, देश आणि काळ ही तिन्ही परस्परांना साहाय्यक आहेत.

उद्योजकाने आपल्या फळ्यावरील चार चौकोनांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचा अर्थच पालटतो. 'आमच्याकडे काय आहे?' या प्रश्नाच्या जोडीला 'ते कोणत्या पाण्यात आणि कोणत्या प्रहरी उपयोगी आहे?' हा प्रश्न उभा राहतो. एका मोठ्या उद्योगाच्या इतिहासावरून हे अधिक स्पष्ट होईल. तो उद्योग पुण्याजवळच्या आकुर्डीचा असल्याने येथील बहुतेकांना परिचयाचा आहे.

चेतकची कथा

बजाज ऑटो या उद्योगाची सुरुवात १९४५ मधली. प्रथम परदेशातून स्कूटर आणून विकणे, पुढे १९५९ मध्ये मिळालेल्या परवान्याच्या आधारे इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने येथेच उत्पादन करणे, असा त्याचा प्रवास झाला. १९७१ मध्ये तो करार संपुष्टात आला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण करणारी 'चेतक' बाजारात आली. तो परवाना पद्धतीचा काळ होता. किती वाहने बनवायची हे सरकार ठरवीत असे. मागणी प्रचंड आणि उत्पादन मर्यादित असल्याने नाव नोंदवल्यावर स्कूटर हाती पडण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाला कित्येक वर्षे, काही वेळा दहा-दहा वर्षे थांबावे लागे. नव्या स्कूटरपेक्षा वापरलेल्या स्कूटरला अधिक किंमत मिळे, इतका तुटवडा होता.

त्या काळी कोणी या कंपनीचे चार चौकोन भरले असते तर बलस्थानांचा चौकोन ओसंडून वाहिला असता. घराघरात पोहोचलेले नाव, स्वस्त आणि दणकट वाहन, गल्लोगल्ली दुरुस्ती करणारे कारागीर, मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची हातोटी आणि दाराबाहेर उभी असलेली ग्राहकांची रांग. १९८९ मधील 'हमारा बजाज' ही जाहिरात त्या अभिमानाचेच प्रतीक ठरली. हे सारे बळ खरे होते, खोटा बडेजाव नव्हता. परंतु त्यातील एक मोठा भाग, म्हणजे ग्राहकांची रांग, हा कंपनीच्या अंगचा गुण नसून बाहेरच्या परिस्थितीची देणगी होती. रांग आहे तोवर नवे वाहन विकसित करण्याची निकड भासत नाही. म्हणजे जी गोष्ट बलस्थानांच्या चौकोनात दिमाखाने बसली होती, तिच्याच सावलीत एक उणीव वाढत होती.

पाणी ओसरू लागले ते हळूहळू. १९८४ मध्ये हिरो आणि जपानची होंडा यांनी एकत्र येऊन कंपनी स्थापन केली आणि १९८५ मध्ये तिची चार-स्ट्रोक इंजिनाची, कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल बाजारात उतरली. बजाजनेही कावासाकीशी सहकार्य करून मोटारसायकली काढल्या होत्या. पण कंपनीची मुख्य ओळख स्कूटर हीच राहिली. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले. १९९६ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरत आले. ग्राहकाची आवडही पालटली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींच्या विक्रीने स्कूटरला मागे टाकले आणि २००१ मध्ये हिरो होंडा ही देशातील सर्वांत मोठी दुचाकी कंपनी बनली. चेतक बिघडली नव्हती. तिच्याभोवतीचा काळ बदलला होता.

येथे या कथेचा दुसरा अध्याय सुरू होतो आणि तो अधिक बोधप्रद आहे. कंपनीने आपल्या बळाची फेरतपासणी केली. स्कूटर हे वाहन सोडून पाहिले तर हाती काय उरते? अभियांत्रिकीचे मनुष्यबळ, पुरवठादारांचे जाळे, विक्रेत्यांचे जाळे, गाठीशी असलेला पैसा. हे बळ नव्या रणांगणावर वापरता येणार होते. संशोधन विभागावर भर देण्यात आला, चाकण येथे नवा कारखाना उभा राहिला आणि २००१ च्या अखेरीस 'पल्सर' ही मोटारसायकल आली. इंधन-बचतीच्या मुद्द्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात धरणे कठीण होते. त्यामुळे ज्या तरुण ग्राहकाला थोडी अधिक ताकद आणि रुबाब हवा होता, त्याच्यासाठी हे वाहन बनवले गेले. मगरीशी पाण्यात झुंजण्याऐवजी जमीन निवडली गेली. पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांसह सत्तरहून अधिक देशांत कंपनीची वाहने जाऊ लागली.

काय सोडायचे, याचा निर्णय

आता तिसरा अध्याय. डिसेंबर २००९ मध्ये व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. सारी शक्ती मोटारसायकलींवर केंद्रित करावी, अशी त्यांची भूमिका होती. ज्या वाहनाने घराण्याला नाव मिळवून दिले ते सोडण्याचा हा निर्णय राहुल बजाज यांना रुचला नाही आणि त्यांनी ती खंत जाहीरपणे बोलूनही दाखवली. पिता आणि पुत्र यांच्यातील हा मतभेद केवळ भावनेचा नव्हता. एकाच वस्तूकडे एक जण बल म्हणून पाहत होता आणि दुसरा भार म्हणून.

काळाने दोघांच्याही पारड्यात थोडे थोडे वजन टाकले. मोटारसायकलींवर लक्ष एकवटल्याचा कंपनीला निश्चित लाभ झाला. पण त्याच सुमारास स्कूटरला पुन्हा चांगले दिवस आले. २००१ मध्ये आलेल्या होंडाच्या 'अ‍ॅक्टिव्हा'ने गिअर बदलण्याची कटकट काढून टाकली आणि घरातील मुली, गृहिणी, ज्येष्ठ अशा सर्वांना चालवता येईल असे वाहन दिले. काही वर्षांतच ती देशातील सर्वाधिक खपाच्या दुचाकींमध्ये जाऊन बसली. ज्या क्षेत्रात बजाजचे नाव एकेकाळी प्रतिशब्द बनले होते, त्या क्षेत्राच्या पुनरुज्जीवनात त्यांचा वाटा राहिला नाही.

पुढे विजेवर चालणाऱ्या वाहनांचे युग सुरू झाले आणि जानेवारी २०२० मध्ये 'चेतक' हे नाव विद्युत स्कूटरच्या रूपाने परत आले. राहुल बजाज यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी १० जून या त्यांच्या जन्मदिनी आकुर्डीत, जेथे जुनी चेतक बनत असे त्याच आवारात, विद्युत वाहनांचा नवा कारखाना सुरू झाला. जे नाव २००९ मध्ये भूतकाळाचा भार वाटले होते, ते नव्या काळात पुन्हा भांडवल ठरले.

या साऱ्यातून कोणता निष्कर्ष काढावा? निर्णय चुकला की बरोबर ठरला, हा वाद बाजूला ठेवावा. महत्त्वाची गोष्ट अशी की, तेथे निर्णय झाला. काय करायचे आणि काय सोडायचे हे स्पष्ट ठरले, जबाबदारी घेतली गेली आणि परिस्थिती बदलल्यावर फेरविचारही झाला. बलाबलाचे विश्लेषण हे अशा निर्णयासाठी असते. ज्या यादीतून काहीही सोडले जात नाही, ती यादी म्हणजे धोरण नव्हे.

लघुउद्योजकाचा कागद

मोठ्या कंपनीला चूक परवडते. तिच्याकडे गंगाजळी असते, दुसरे उत्पादन असते, सावरायला चार-पाच वर्षे मिळतात. लघुउद्योजकाला ही चैन नसते. म्हणून या पद्धतीची खरी गरज त्याला आहे.

भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या सातपूर वसाहतीतील एखाद्या कारखान्याची कल्पना करावी. वीस कामगार, पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकीच्या इंजिनाचे सुटे भाग बनवण्याचे काम, शंभरातील ऐंशी रुपयांची मागणी एकाच मोठ्या ग्राहकाकडून. तो ग्राहक म्हणतो, 'उत्पादन वाढवा, काम देतो.' त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार, कर्ज काढावे लागणार आणि त्या कर्जापोटी राहते घर तारण ठेवावे लागणार. असा प्रसंग अनेक कुटुंबांत येतो.

अशा उद्योजकाने चार चौकोन भरताना काही पथ्ये पाळली पाहिजेत.

पहिले पथ्य असे की, प्रश्न नेमका ठरवावा. 'आमचा उद्योग कसा आहे?' या प्रश्नाला उत्तर नसते. 'हे यंत्र यंदा घ्यावे की नाही?' या प्रश्नाला असते. प्रश्न बदलला की बल आणि उणिवा यांच्या जागाही बदलतात.

दुसरे, आतले आणि बाहेरचे यांची गल्लत करू नये. बाजार वाढतो आहे ही संधी आहे. ते कारखान्याचे बळ नव्हे. तो बाजार शेजारच्या कारखान्यासाठीही वाढतोच आहे.

तिसरे, प्रत्येक विधानापुढे पुरावा लिहावा. 'आमचा दर्जा उत्तम' हे वाक्य सर्वांच्याच यादीत असते. गेल्या वर्षी हजारात किती नग परत आले, ठरल्या दिवशी किती खेपा पोहोचल्या, बिलाचे पैसे किती दिवसांनी हाती आले, हे आकडे लिहिले की दर्जा आपोआप बोलू लागतो. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात किती दिवस लागतात हे ज्याच्या वहीत लिहिलेले नाही, त्याला आपली सर्वांत मोठी उणीव ठाऊकच नसण्याची शक्यता आहे.

चौथे, उणिवांचा चौकोन मालकाने एकट्याने भरू नये. घरच्या धंद्यात मालकाला त्याच्या तोंडावर उणीव सांगणारा माणूस मिळणे कठीण. ती ठाऊक असते यंत्रावर उभ्या असलेल्या जुन्या कामगाराला, हिशेबनिसाला आणि सोडून गेलेल्या ग्राहकाला. या तिघांना विचारल्याखेरीज तो चौकोन पुरा झाला असे मानू नये.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, चौकोनांच्या जोड्या लावाव्यात. हाइन्झ वाइरिख या अभ्यासकाने १९८२ मध्ये ही सुधारणा सुचवली. कोणत्या बळाने कोणती संधी साधता येईल? कोणत्या बळाने कोणता धोका टाळता येईल? कोणती उणीव दूर केल्यास एखादी संधी हाती येईल? आणि जेथे उणीव व धोका एकत्र येतात तेथून माघार कशी घ्यावी? शेवटची जोडी लिहायला कोणालाच आवडत नाही. कारखाना बुडतो तो मात्र बहुधा तेथेच.

आता ही पथ्ये वरील कारखान्याला लावून पाहावीत. विजेच्या स्कूटरला पिस्टन लागत नाही, क्लच लागत नाही, स्पार्क प्लग लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. पेट्रोलची दुचाकी उद्या सकाळी बंद पडणार आहे असे नव्हे. परंतु कर्जाची मुदत सात वर्षांची असेल तर विचारही सात वर्षांचा केला पाहिजे. एकच ग्राहक ही उणीव आणि इंजिनाचे भाग कमी लागणार हा धोका. या दोन गोष्टी येथे एकत्र येतात. केवळ त्याच भागासाठी उपयोगी पडणारे यंत्र घर तारण ठेवून घेणे, म्हणजे नेमक्या त्या जोडीवर घर लावणे होय.

मग बळ काय उरते? 'आम्ही इंजिनाचा अमुक भाग बनवतो' असे लिहिले तर काहीच उरत नाही. 'आम्ही धातूचे काम मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत अचूक करतो आणि वीस वर्षांचा अनुभव असलेले हात आमच्याकडे आहेत' असे लिहिले तर पुष्कळ उरते. तशी अचूकता पंपांना लागते, वैद्यकीय उपकरणांना लागते, शेतीच्या अवजारांना लागते, विद्युत मोटारीच्या दांड्यालाही लागते. म्हणजे वस्तूचे नाव खोडून कौशल्याचे नाव लिहिले की संधींचा चौकोन रुंदावतो. मग निर्णय असा होऊ शकतो : यंत्र घ्यावे, पण अनेक प्रकारची कामे करू शकेल असे, मोठ्या ग्राहकाचे काम सोडू नये, पण त्याचा वाटा तीन वर्षांत ऐंशीवरून पन्नासावर आणावा, आणि ते न साधल्यास दुसरे कर्ज काढू नये. त्यापुढे तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. एवढे झाले की विश्लेषण पूर्ण झाले.

आणखी एक दक्षता. हा कागद दरवर्षी नव्याने लिहावा आणि जुना जपून ठेवावा. गेल्या वर्षीच्या बलस्थानांतील कोणते यंदा टिकले नाही, याची नोंद घेणारा उद्योजक प्रहर बदलल्याचे इतरांपेक्षा आधी ओळखतो.

मंत्रशक्ती

कौटिल्याने शक्तीचे तीन प्रकार मानले आहेत : उत्साहशक्ती, म्हणजे पराक्रम आणि धडाडी, प्रभुशक्ती, म्हणजे कोश आणि सैन्य, आणि मंत्रशक्ती, म्हणजे विचारपूर्वक केलेली मसलत. यांपैकी त्याने मंत्रशक्तीला सर्वश्रेष्ठ मानले. आपल्याकडील तरुण उद्योजकाजवळ उत्साह भरपूर असतो. भांडवल बँकेकडून काही प्रमाणात मिळते. मसलतीची सवय मात्र कमी पडते. ती विकत मिळत नाही आणि तिला फारसा खर्चही येत नाही. एक कागद, चार खरी माणसे आणि अप्रिय गोष्ट ऐकून घेण्याची तयारी एवढेच तिचे साहित्य.

त्या मसलतीत आणखी एका व्यक्तीला स्थान असले पाहिजे. घर तारण ठेवताना बँकेच्या कागदांवर अनेकदा गृहिणीचीही सही घेतली जाते. पुष्कळ घरांत ती सही 'येथे कर' असे सांगून घेतली जाते. ज्या छपराखाली मुले वाढत आहेत ते छप्पर कोणत्या बळाच्या भरवशावर आणि कोणत्या धोक्यासमोर पणाला लागत आहे, हे तिला त्या चार चौकोनांतून समजले पाहिजे. तिने वाचून प्रश्न विचारावेत, उद्योजकाने उत्तरे द्यावीत. उत्तर देता आले तर कर्ज जरूर काढावे. उत्तर सापडत नसेल, तर बँकेत जाण्याची तारीख पुढे ढकलून तो कागद पुन्हा लिहायला बसावे.